मदत हवी आहे: सरफेस एरिया अशक्य येतोय, उद्या रिपोर्ट द्यायचाय

काळी_पावडर: धातूच्या पावडरचा सीव्ही (व्होल्टेज वर-खाली फिरवून घेतलेला करंटचा आलेख) काढला, हायड्रोजन पीकखालचा चार्ज २१० ने (चौरस सेंटिमीटरला मायक्रोकुलंब) भागला तर ग्रॅमला ३१० चौरस मीटर येतंय. टीईएममध्ये (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमध्ये) कण ५ नॅनोमीटरचे. तीनदा केलं तरी तेच. बेसलाइन, म्हणजे पीक मोजायची खालची रेघ, कुठून घ्यायची एवढंच सांगा, प्लीज लवकर.

काचसामान: इलेक्ट्रोलाइट कुठला? स्कॅन रेट? रेफरन्स इलेक्ट्रोड (ज्याच्या तुलनेत व्होल्टेज मोजता तो) सिल्व्हर क्लोराइड असेल तर क्लोराइड गळतोय, माझे सहा महिने त्यात गेलेत. भांडी रात्रभर परमँगनेटमध्ये ठेवा.

जुना_इलेक्ट्रोड: अहो क्लोराइड चिकटला तर एरिया कमी दिसेल, वाढेल कसा? धातू कुठला?

काळी_पावडर: अर्धा मोलर सल्फ्युरिक, ५० मिलिव्होल्ट. धातू कार्बनवरचा, नेहमीचाच. बेसलाइनचं सांगा ना!

बीईटीवाला: सीव्हीच्या नादाला लागूच नका. नायट्रोजन बीईटी करा, पृष्ठभागावर किती नायट्रोजन चिकटतो त्यावरून एरिया येतो, विषय संपला.

जुना_इलेक्ट्रोड: बीईटी कार्बनसकट सगळं मोजतं. धातू ज्यावर बसवतात त्या नुसत्या व्हल्कन कार्बनचाच एरिया ग्रॅमला २०० च्या वर, त्यात धातू कुठे शोधायचा?

बीईटीवाला: मग सीओ पल्स करा, कार्बन मोनॉक्साइड धातूवर किती चिकटतो ते मोजा.

काचसामान: आणि एका सीओला धातूचे अणू किती धरणार, एक की दोन? तिथेच आकडा दुप्पट होतो.

थेंब_थेंब: ताज्या साफ केलेल्या सोन्यावर पाणी पसरतं, हवेत ठेवलं की थेंब उभा राहतो. लोक सोन्याला दोष देतात, असते वर बसलेली घाण. यूव्ही ओझोन करून बघा.

काचसामान: सोनं कुठून आलं इथे??

काळी_पावडर: सोनं नाहीये, पॅलेडियम आहे.

जुना_इलेक्ट्रोड: हे आत्ता सांगताय! २१० प्लॅटिनमचा आकडा आहे. पॅलेडियम हायड्रोजन पोटात घेतं, स्वतःच्या आकारमानाच्या शेकडो पट, ग्रॅहॅमने १८६६ मध्येच दाखवलंय. म्हणजे तुमच्या चार्जमध्ये आतलाही हायड्रोजन आलाय, बेसलाइन कुठूनही घ्या. साधा हिशोब करा, ६ भागिले (घनता गुणिले व्यास), घनता १२, कण ५ नॅनोमीटर, तर ग्रॅमला १०० च्या आसपास, तेही कार्बनला टेकलेली बाजू मोकळी धरून. ३१० यायला कण १.६ नॅनोमीटरचे लागतील. त्याऐवजी ऑक्साइड रिडक्शनचा पीक घ्या, पॅलेडियमच्या ४२४ ने भागा. पण व्होल्टेजची वरची मर्यादा किती ठेवली होती? ऑक्साइडचा एक थर पूर्ण झाला का ते त्यावर ठरतं.

काळी_पावडर: १.२ व्होल्ट.

जुना_इलेक्ट्रोड: कशाच्या तुलनेत?

काळी_पावडर: सिल्व्हर क्लोराइड.

जुना_इलेक्ट्रोड: म्हणजे आरएचईवर (हायड्रोजन रेफरन्सच्या तुलनेत) १.४ च्या जवळपास, चालेल. आधीच्याच डेटातून निघेल, नवीन रन नको.

काचसामान: सिल्व्हर क्लोराइडच निघाला ना! मी पहिल्याच प्रतिसादात विचारलं होतं.