दूध सोडलं तर प्रोटीन कुठून? सांगलीकरांनो, बोला

कृष्णाकाठ
दिवाळीपासून मी दूध, दही, तूप सगळं बंद केलंय. अंडी-मटण आधीच नव्हतं. तेव्हापासून भेटेल तो एकच विचारतो, "मग प्रोटीन?" विचारणारा स्वतः सकाळी पोहे, दुपारी चपाती-बटाटा आणि रात्री आमटी-भात खातो, तेव्हा त्याला कुणी हटकत नाही!

माझं म्हणणं असं, की शेंगदाणा, हरभरा, हुलगा, सोयाबीन ज्या जिल्ह्याच्या शिवारात निघतं तिथं व्हेगन, म्हणजे जनावराचं दूधसुद्धा न घेणाऱ्या माणसाला प्रोटीन कमी पडायचं कारणच नाही. आयसीएमआर-एनआयएन या सरकारी पोषण संस्थेच्या २०२० च्या शिफारशीत निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रोटीन धरलंय. ६५ किलोच्या माणसाला ५४ ग्रॅम झाले. एवढं भाकरी आणि अख्ख्या मसुरावर निघतं. पटत नसेल तर बोला.

तालीमवाला
नाही पटत. ५४ ग्रॅम खुर्चीत बसणाऱ्याला. आमच्याकडं पहाटे जोर-बैठका मारणारी पोरं असतात, त्यांना किलोमागे दीड ग्रॅमच्या आसपास लागतंय. ७५ किलोच्या पोराला एकशे दहा धरा. कोरड्या मसुरात शंभराला २४. म्हणजे दिवसाला साडेचारशे ग्रॅम मसूर खाऊन आखाड्यात उतरायचं? समोरचा पैलवान लांबूनच हात जोडेल. लिटरभर दुधात ३२ ग्रॅम मिळतंय आणि ते दोन घोटात पोटात जातंय.

मिरजेची सून
दोघंही कोरड्या डाळीचा हिशोब करताय. जेवायला डाळ कोरडी बसत नाही ना! आमच्या घरी चौघांच्या आमटीला शंभर ग्रॅम तूरडाळ पडते. २२ ग्रॅम प्रोटीन, वाटणी साडेपाच-साडेपाच. त्यातही आमच्या ह्यांना भातावर वाहती आमटी लागते, म्हणजे डाळ तळाला आणि पाणी ताटात. अडचण इथं आहे, शिवारात नाही.

काल मुद्दाम एका माणसाचं ताट वजनकाट्यावर मांडलं. दोन भाकऱ्यांचं ज्वारीचं पीठ शंभर ग्रॅम, त्यात दहा. चाळीस ग्रॅम बेसनाचं पिठलं, साडेआठ. पन्नास ग्रॅम मटकीची उसळ, अकरा. आमटीचे साडेपाच, भाताचे पाच-सहा. एवढं करून चाळीसच्या पुढे कशीबशी गेले. पन्नास ग्रॅम शेंगदाण्याचा कूट भाजी-चटणीत घातला तेव्हा गाडी ५४ च्या जवळ पोचली. हे रोज, न चुकता, आणि कुणीतरी उसळ भिजत घालायची आठवण ठेवली तर. ती आठवण कोण ठेवतं ते सांगायला नको.

कृष्णाकाठ
सूनबाई, म्हणजे निघतं ना शेवटी! मटकी मीच भिजवतो, आधीच सांगून ठेवतो.

मिरजेची सून
निघतं. आपोआप निघत नाही, एवढंच म्हणतेय.

आहारवाली, सातारा
आहारशास्त्र शिकवते म्हणून मध्ये पडते. प्रोटीन ज्या घटकांचं बनतं त्यातलं लायसिन धान्यात कमी, मिथिओनिन डाळीत कमी, म्हणून भाकरी-उसळ ही जोडी मुळात चांगली. दोन्ही एकाच घासात यायला हवं असंही नाही, दिवसभरात आलं की झालं. डाळीचं प्रोटीन दुधाइतकं पुरतं पचत नाही हे मात्र खरं, म्हणून व्हेगन माणसाने आकड्याच्या थोडं वरच राहावं.

तालीमवाल्यांच्या पोराला साडेचारशे ग्रॅम मसूर कशाला? सोयाबीनच्या वड्यांत शंभराला पन्नासच्या वर प्रोटीन असतं. साठ ग्रॅम कोरड्या वड्या, तीस ग्रॅम प्रोटीन, जवळजवळ तुमचं लिटरभर दूध. पण कच्च्या सोयाबीनचं पीठ पाण्यात कालवून पिऊ नका. त्यातला घटक प्रोटीन पचूच देत नाही, नीट शिजवल्यावर तो निकामी होतो.

आणि कृष्णाकाठ, प्रोटीनवर एवढं भांडताय, बी-१२ जीवनसत्त्वाचं काय? ते भाकरीत नाही, डाळीत नाही, मोडाच्या मटकीतही नाही. दूध सोडलंत तर गोळी घ्यावीच लागेल. तिथं शिवाराचा अभिमान उपयोगाचा नाही.

पलूसचा दूधवाला
तुमचं चालू द्या. पण सगळ्यांनी दूध सोडलं तर आमच्या गोठ्याचं काय? उसाचं बिल कधी येईल ते कारखान्याला माहीत. दुधाचं बिल दहा दिवसाला हातात पडतंय, पोरांची फी त्यावर जाते.

कृष्णाकाठ
भाऊ, तुमच्या गोठ्याला माझा विरोध नाही. पण तुमच्याच रानातलं सोयाबीन बघा. गिरणीत तेल निघतं, प्रोटीन सगळं पेंडीत राहतं, आणि पेंड जाते कोंबड्यांना नि जनावरांना. आपण मात्र विचारतो, प्रोटीन कुठून आणायचं?

पलूसचा दूधवाला
पेंड खाऊन म्हैस दूध देते. तुम्ही खाऊन काय देणार?

तालीमवाला
😂 वड्यांचा हिशोब मान्य. पण महिनाभर रोज साठ ग्रॅम वड्या खाणारा पैलवान मला दाखवा. पोरं आठवड्यात वैतागतात. खुराक जिभेला नको झाला की सुटतो, मग कागदावर कितीही ग्रॅम असू देत.

मिरजेची सून
आठवडाभर एकाच रश्श्यात बुडवल्यावर वैतागणारच. वड्या गरम पाण्यातून काढून घट्ट पिळा, मिक्सरला फिरवा आणि मटणाच्या वाटणात खिम्यासारख्या परता. न पिळता टाकल्या तर वास राहतो, मग नाव सोयाबीनचं खराब.

घाटावरचा
माझी आई बहात्तर वर्षांची. कवळी टोचते, उसळ चावत नाही, दही-भात सोडला तर जेवण अर्ध्यावर येतं. तिला काय देणार?

आहारवाली, सातारा
आईंचं दही काढू नका. उतारवयात स्नायू झिजतात, खाणं कमी झालेलं असतं, तिथं प्रयोग नको. त्यांनाच सोडायचं असेल तर गोष्ट वेगळी. मग मऊ टोफू (सोयाबीनच्या दुधाचं पनीर), मुगाचं घट्ट वरण, हुलग्याचं माडगं, आणि बी-१२ डॉक्टरांना विचारून.

तालीमवाला
माडगं! हुलगं आमच्याकडं बैलाला भिजवून घालायचे.

कृष्णाकाठ
मग बैलाला कुणी विचारलं होतं का, प्रोटीन कुठून?

पलूसचा दूधवाला
बैल वासरू असताना दूधच प्यायला होता, भाऊ.