अनुभव धागा: पासपोर्टवर शिक्का पडला का?

मंडळी, युरोपने १२ ऑक्टोबर २०२५ पासून शिक्के टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतले. शेंगेन देशांत (युरोपातले आपापसांत सीमेवर तपासणी न करणारे देश) आता आपल्यासारख्या बाहेरच्या प्रवाशांच्या बोटांचे ठसे आणि चेहऱ्याचा फोटो घेतात, आल्या-गेल्याची नोंद संगणकात होते. पूर्ण अंमलासाठी एप्रिल २०२६ ठरला होता. सिंगापूरने २०२० मध्येच शिक्का सोडला, हाँगकाँगने त्याच्याही आधी, २०१३ मध्ये. शाईचा शिक्का आता थोड्या दिवसांचा पाहुणा आहे, म्हणून हा धागा काढतेय.

पडलेला, न पडलेला, नको तिथे पडलेला, कुठलाही शिक्का चालेल. क्रूझवाल्यांनी जरूर लिहा. बोटीने गेलं की प्रत्येक बंदराला एकेक शिक्का, हा समज मुंबईत फार पसरलाय. (मुंबई-गोवा बोटीचे अनुभव इथे नकोत, तिथे सरकारी ओळखपत्रावर काम भागतं.) माझ्यापुरतं सांगायचं तर शिक्क्यांसाठी देश फिरणारी माणसं मला जरा अतीच वाटतात, पण त्यांचे पासपोर्ट मिळाले की मी अधाशासारखी चाळते.

आलेल्या अनुभवांतली नावं काढून फक्त ठिकाणं ठेवलीत.

मुलुंड

सासूबाईंच्या पंचाहत्तरीनिमित्त सिंगापूरहून क्रूझ केली, पिनांग आणि फुकेत. त्यांचा पहिलाच पासपोर्ट. महिनाभर आधीपासून एकच घोषा: "शिक्का कुठल्या पानावर मारतात गं?" सहारला टर्मिनल दोनवर निघताना पहिला शिक्का पडला तेव्हा त्यांनी काउंटरवरच चष्मा लावून तो वाचला. मागे ही रांग.

सिंगापूरच्या चांगी विमानतळाला सगळं मोबाइलवर आधीच भरलेलं. अंगठे दिले, गेट उघडलं, झालं. देशात शिरायचा पास ईमेलवर आला, तोही माझ्या, कारण त्यांना ईमेल नाही. मरीना बे क्रूझ सेंटरला जहाजाच्या लोकांनी पासपोर्ट ठेवून घेतले आणि हातात प्लॅस्टिकचं कार्ड दिलं. पिनांगला उतरताना तेच कार्ड यंत्राला लावायचं, टुंग वाजायचं. फुकेतलाही तेच. पासपोर्ट हातात पडला तो शेवटच्या दिवशी, आणि आत नवीन काहीच नाही.

घरी आल्यावर भिशीच्या बायकांपुढे पासपोर्ट उघडला, तर दोनच शिक्के, दोन्ही मुंबईचे. "म्हणजे मी मुंबईतून निघाले आणि मुंबईतच उतरले, असंच झालं की हे!" शेवटी तो ईमेल छापून कव्हरात घालून दिला. आता तो दाखवतात.

ठाणे, घोडबंदर रोड

मुलुंडच्या ताईंशी सहमत. आम्हाला टूरवाल्याने सांगितलं होतं, "भूमध्य समुद्रातली क्रूझ घ्या, तीन देशांचे शिक्के मिळतील." बार्सिलोनाला बोटीत बसलो. मार्सेय, जेनोआ, रोमसाठी चिविताव्हेकिया, मग परत बार्सिलोना. कुठल्याही बंदरात कोणी पासपोर्ट विचारला नाही, कारण स्पेन, फ्रान्स, इटली तिन्ही शेंगेनमध्ये. बरं, स्पेनचा तरी शिक्का असेल? तोही नाही. विमान फ्रँकफर्टला बदललं होतं, शेंगेनमध्ये पहिलं पाऊल तिथे पडलं. परतीचं विमानही तिथूनच. तीन देश पायी तुडवले आणि पासपोर्टवर आला जर्मनी, जिथे मी फक्त एक महागडी कॉफी प्यायलो.

शिक्का मात्र बघण्यासारखा असायचा. डाव्या कोपऱ्यात ताऱ्यांच्या गोलात देशाचं अक्षर, उजव्या कोपऱ्यात छोटंसं विमान, मध्ये तारीख, खाली गावाचं नाव. आत येतानाच्या चौकटीचे कोपरे टोकदार, बाहेर जातानाचे गोल. हे मला नंतर मुलीने दाखवलं. नंतरच्या एका सहलीत ग्रीसहून तुर्कस्तानला जाणारी बोट घेतली, तेव्हा ग्रीसच्या पिरेयस बंदराच्या शिक्क्यात विमानाऐवजी जहाज निघालं. जहाजाचं चित्र हवं असेल तर बोट शेंगेनच्या बाहेर जावी लागायची.

(इथे मधेच एक: बोट अशी बाहेर जाऊन परत येणार असेल तर शेंगेन व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा हवा. शिक्क्याच्या नादात हे विसरलात तर परत आत घेणार नाहीत.)

गिरगाव

माझ्याकडे आजोबांचा १९६३ सालचा पासपोर्ट आहे. ते कापड गिरणीत होते, गिरणीने त्यांना इंग्लंडात लँकेशायरला शिकायला धाडलं. त्या काळी पासपोर्ट सरसकट सगळ्या जगासाठी मिळत नसे. कुठे जायची मुभा आहे त्या देशांची नावं आत लिहिलेली असत. आजोबांच्यात शाईपेनने, कारकुनी वळणाच्या अक्षरात ब्रिटन, फ्रान्स, इटली आणि एडन अशी यादी आहे. दक्षिण आफ्रिका वगळलेली. तिथल्या वर्णद्वेषी राजवटीमुळे ती अट भारतीय पासपोर्टवर पुढेही कितीतरी वर्षं होती.

बॅलार्ड पिअरहून बोट सुटली त्या दिवशीचा मुंबईचा शिक्का जांभळा आहे आणि मागच्या पानावर फुटलाय. पुढे एडन, आजच्या येमेनमधलं. तिथे करमुक्त बंदर होतं, सगळे उतरून घड्याळं बघायचे. एडनचा शिक्का ज्या इंग्रज सरकारने मारला, ते १९६७ मध्ये तिथून गेलं; त्याच वर्षी पुढच्या वाटेवरचा सुएझ कालवा बंद पडला तो १९७५ पर्यंत. म्हणजे आजोबांच्या मागून चार-पाच वर्षांनी निघालेल्याला ही वाट मिळालीच नसती.

पण घरात सगळ्यात जास्त चर्चा होते ती शेवटच्या पानांवरच्या बँकेच्या शिक्क्याची. परकीय चलन किती दिलं ते बँक पासपोर्टवर नोंदवायची. रक्कम: तीन पौंड. सातासमुद्रापार जाणाऱ्या माणसाच्या खिशात तीन पौंड! आजी म्हणायची, बाकीचं पोट त्यांनी बोटीवरच्या जेवणावर आधीच भरून घेतलं असणार.

चेंबूर

वडील आखाती देशात फिटर होते. ते दहावी नव्हते, त्यामुळे त्यांच्या पासपोर्टवर ‘एमिग्रेशन चेक रिक्वायर्ड’ची भानगड. प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्सच्या कचेरीतून मंजुरीचा शिक्का आणल्याशिवाय विमानात बसू देत नसत. १९८३ च्या कायद्यातली तरतूद, एजंटांनी माणसं फसवू नयेत म्हणून. इथे लोक शिक्का हौसेने गोळा करतायत. आमच्या घरी तो पडेपर्यंत आईच्या बांगड्या गहाण होत्या.

उरण

मी बोटीवर आहे, इंजिन साइडला. क्रूझचे पाहुणे वेगळे, आम्ही वेगळे. आम्हाला बंदरात उतरायचं तर शोअर पास. अमेरिकेत अधिकारीच जहाजावर येतात, क्रू व्हिसा बघून आय-९५ चा कागद देतात, तो खिशात ठेवून बाहेर जायचं. देश पुष्कळ बघितले म्हणतात लोक. बघितले म्हणजे बंदराचं गेट, सिमकार्डवाला आणि जवळचं सुपरमार्केट.

पासपोर्टपेक्षा आमचा जीव सीडीसीत, म्हणजे खलाशाच्या नोंदवहीत. साइन ऑन (जहाजावर रुजू), साइन ऑफ (जहाज सोडलं), तारीख, कॅप्टनची सही, जहाजाचा शिक्का. आयकरात १८२ दिवसांचा हिशोब असतो: वर्षात तेवढे दिवस भारतात राहिलात तर रहिवासी. परदेशी फेऱ्या करणाऱ्या जहाजावरच्या आम्हा लोकांसाठी तो हिशोब सीडीसीतल्या या दोन तारखांवरून होतो. एका कंपनीच्या माणसाने माझी साइन ऑफची तारीख गिचमिड लिहिली, एक की सात कळेना. त्या एका आकड्यापायी सीएने मला तिकिटं, बोर्डिंग पास, पासपोर्टचे शिक्के असं सगळं आणायला लावलं. तेव्हा सहारचा आगमनाचा शिक्का ठसठशीत निघाला म्हणून निभावलं. माझ्यासाठी शिक्का म्हणजे पुरावा. फोटो काढायला नाही.

आणि नवीन पोरांना सांगणं: नूतनीकरणात ६० पानांचा पासपोर्ट मागा. फी २००० रुपये, ३६ पानांच्याला १५००. पाचशेसाठी कंजूषी करू नका, मध्येच पानं संपली की मॅनिंग एजंट (जहाजांना माणसं पुरवणारा) जॉइनिंग दुसऱ्याला देतो.

सांताक्रूझ

मी ई-गेटमधून गेले. आधी अर्ज करून ठसे द्यावे लागतात, मुंबईला ही सोय जानेवारी २०२५ मध्ये आली. वेळ वाचला. शिक्का नाही मिळाला. शिक्का हवा असेल तर रांगेत उभं राहा, दोन्ही कसं मिळेल?

अंधेरी पूर्व

मुलांसाठी लिहिते. दुबईला टर्मिनल तीनवर लहान मुलांचा वेगळा इमिग्रेशन काउंटर आहे, बुटका, मुलांच्या उंचीचा. २०२३ पासून चालू आहे. तिथे मुलांना स्वतःच्या पासपोर्टवर स्वतः शिक्का मारू देतात! माझ्या धाकट्याने दोन्ही हातांनी जोर लावून मारला, तो तिरका आणि अर्धा पानाबाहेर. मोठी तेरा वर्षांची, ती वयाच्या नियमात बसत नव्हती. परतीच्या विमानभर तोंड फुगवून.

विलेपार्ले

एक सावधगिरीची गोष्ट, कारण हे कोणी लिहिलेलं दिसत नाही. माचू पिचूच्या दाराशी, लिक्टेनस्टाइनमध्ये फादुझला, सान मारिनोला आठवणीचे शिक्के मिळतात, काही ठिकाणी पैसे देऊन. आमच्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांनी फादुझला हौसेने पासपोर्ट पुढे केले. पासपोर्ट आपला नसतो हो! १९६७ च्या पासपोर्ट कायद्याप्रमाणे तो भारत सरकारची मालमत्ता आहे आणि त्यात परवानगीशिवाय फेरफार करणं गुन्हा आहे. सगळेच अधिकारी हटकतात असं नाही, पण एखाद्याने हटकलं तर तिथे आपली बाजू काय मांडणार? मी वेगळी वही ठेवते. जपानमध्ये तर रेल्वे स्टेशनांवर प्रवाशांसाठी सुंदर रबरी शिक्के ठेवलेले असतात, लोक खास वह्या घेऊन फिरतात. पासपोर्टवर मात्र तिथे शिक्का नाही, चिकटवायचा स्टिकर मिळतो.

बोरिवली

पार्ल्याच्या काकूंचं बरोबर आहे. मला जुन्या पासपोर्टबद्दल सांगायचंय. नूतनीकरणाला दिला की कोपरा कापून, रद्द असा शिक्का मारून तो परत देतात. तो परत घ्या आणि नव्यासोबत ठेवा; त्यातला अमेरिकेचा व्हिसा चालू असेल तर दोन्ही पासपोर्ट दाखवून प्रवास करता येतो.

दुसरं, ब्रिटनच्या व्हिसाच्या अर्जात गेल्या दहा वर्षांतले परदेश प्रवास तारखांसकट विचारतात. आत्तापर्यंत शिक्के बघून तारखा उतरवत होतो. सिंगापूरला कधी गेलो होतो ते यंदा कुठेच सापडेना, शेवटी मेव्हण्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या फोटोंवरून तारीख काढली. तेव्हापासून बोर्डिंग पास आणि क्रूझचं बुकिंग यांचे फोटो एका फोल्डरमध्ये टाकतो, फोल्डरला साल लावतो. मुलुंडच्या ताई, तो ईमेल सासूबाईंकडे आहे तसाच तुमच्याकडेही राहू द्या.