सुतारकाम आवडतं, पण त्यातला कोणता धंदा धरावा?

प्रश्न (रंधेवाला): नोकरी सांभाळून आठवड्याला 12 तास हातात उरतात. सांधे जुळवताना, रंधा मारताना वेळ कसा जातो कळत नाही. घासाघीस मात्र अजिबात जमत नाही. समोर तीन वाटा आहेत: ऑर्डरप्रमाणे फर्निचर, जुन्याची दुरुस्ती, नाहीतर एकच स्टूल पुन्हा पुन्हा करून विकणं. कशावरून ठरवू? आणि पैसा आला की आवड मरते म्हणतात, ते खरं का?

खातेवही: ‘सुतारकाम आवडतं’ एवढ्यावर काही ठरत नाही. कागदावर क्रियापदं लिहा: मापं घेणं, चित्र काढणं, माल निवडणं, कापणं, जुळवणं, पॉलिश, पोचवणं, वसुली. प्रत्येकापुढे आवडतं, चालतं की नको ते मांडा. मग तिन्ही धंद्यांत कशाला किती तास जातील ते शेजारी लिहा. ऑर्डरच्या कामात मापं, बदल आणि फोन यांतच बराच वेळ जातो, शिवाय दर वेळी नवा भाव ठरवायचा. घासाघीस नको असेल तर ही वाट तिथेच बाद. स्टुलाला एकच छापील भाव लावता येतो.

भाव काढताना एक चूक हमखास होते. 12 तास गुणिले 48 आठवडे म्हणजे 576 तास. त्यातले 60 टक्के प्रत्यक्ष कामाच्या बाकावर जातील असं धरा, म्हणजे साधारण 345. वर्षाची अपेक्षित मजुरी अधिक स्थिर खर्च याला 345 ने भागा. 576 ने भागलंत तर ताशी दर 40 टक्क्यांनी कमी निघतो आणि ते कळायला वर्ष जातं. सवलतीचंही तसंच. विक्रीत 40 टक्के माल आणि 60 टक्के मजुरी असेल, तर 10 टक्के सूट म्हणजे मजुरीचा सहावा हिस्सा गेला. लाकूडवाला काही सूट देत नाही.

जुना सांधा: दुरुस्तीबद्दल. डुगडुगणारी खुर्ची आली की लोक सांध्यात नवा गोंद ओततात. जुन्या पांढऱ्या गोंदाच्या थरावर नवा धरत नाही. सांधा उघडून कोरं लाकूड दिसेपर्यंत खरवडावं लागतं. सरस, म्हणजे जनावरांच्या हाडाकातड्याचा जुना गोंद, असेल तर ऊब आणि ओलावा दिला की सुटतो, ते काम त्या मानाने सोपं. एक सांधा उघडताना बाकीचे दोन हलतात आणि तासाभराच्या कामाचे तीन तास होतात. म्हणून तपासणीचे पैसे वेगळे घ्या आणि भाव उघडून पाहिल्यावरच सांगा. कोडं सोडवायला आवडत असेल तर यात मजा आहे. नुसतं घडवायला आवडत असेल तर वैताग.

खातेवही: बरोबर. आणि स्टुलाची परीक्षा एका नगावर घेऊ नका, सहा एकदम करा. करवतीला थांबा (सगळे तुकडे एकाच लांबीचे कापायला अडवणारा ठोकळा) लावणं, पायाच्या तिरप्या कोनाचा साचा बनवणं यात दोन तास गेले, तर ते सहांत वाटले जाऊन नगामागे 20 मिनिटं पडतात. दर नगाची वेळ लिहा. सहाव्या नगाला हात सराईत झाला आणि मन तिथेच असलं, तर चाललंय. तिसऱ्यालाच घड्याळ बघू लागलात, तर हा धंदा तुमचा नाही. सहाही अनोळखी माणसांना, पूर्ण भावाने विका. ओळखीच्यांच्या कौतुकावरून मागणी कळत नाही.

जुना सांधा: आणि पन्नास करायच्या आधी एक ओला आणि एक कोरडा ऋतू जाऊ द्या. अखंड लाकडाची फळी रुंदीत फुगते, आकसते. खालच्या पट्टीला स्क्रूने गच्च आवळली की तडकते. पट्टीतली भोकं लांबट ठेवा. पहिल्या महिन्यात कुणाचीच तक्रार येत नाही, हाच धोका.

मनमोजणी: आवड मरण्याबद्दल. 1973 साली लेपर, ग्रीन आणि निसबेट यांनी चित्रं काढायची हौस असलेल्या बालवाडीतल्या मुलांवर प्रयोग केला. बक्षीस मिळेल असं आधी सांगितलेल्या मुलांचा रस नंतर घटला. अचानक बक्षीस मिळालेल्यांचा घटला नाही. मुलांचं मोठ्यांना जसंच्या तसं लागू करू नये, पण बारापैकी दोन तास विक्रीला न काढायच्या वस्तूसाठी राखून ठेवा. तेवढे वरच्या हिशेबातून आधीच वजा करा, म्हणजे 345 चे 288 होतात.

रंधेवाला: म्हणजे 10 गुणिले 48 चे 60 टक्के. भाव पुन्हा काढतो. साच्याला एमडीएफ (लाकडाचा भुगा दाबून केलेली फळी) चालेल का?

जुना सांधा: चालेल, 18 मिमी घ्या. ओलं होऊ देऊ नका, कडा फुगली की कोन चुकतो.