थीम बदलली आणि जाहिरातींचं उत्पन्न निम्म्यावर आलं. आता कोणती थीम घेऊ?

कोरी_पाटी
मदत हवी आहे आणि तातडीने हवी आहे. तीन आठवड्यांपूर्वी साइटची थीम (साइटचा तयार साचा) बदलली. विकणाऱ्याच्या पानावर ‘एसईओ फ्रेंडली’, ‘ॲड ऑप्टिमाइज्ड’ असं ठळक लिहिलेलं, डेमोही देखणा, म्हणून पैसे भरले. तेव्हापासून उत्पन्न निम्मं झालंय. सकाळी रिपोर्ट उघडायला हात धजत नाही. सपोर्टला दोनदा लिहिलं, दोन्ही वेळा ‘कॅशे क्लिअर करा’ एवढंच उत्तर आलं. मला आजच दुसरी थीम घ्यायची आहे. गूगलमध्ये वर आणणारी आणि जाहिरातींना चांगली अशी एक सांगा. लेखांच्या लिंका नकोत, सगळ्या वाचून झाल्यात.

दोन_ओळी
वर्डप्रेस की ब्लॉगर?

हलका_कोड
डोळे मिटून जनरेटप्रेस ही थीम घ्या. चार वर्षं वापरतोय, एकदाही पस्तावलो नाही. मोफत आवृत्तीसुद्धा पुरते.

खिडकीपाशी
२०२२ च्या जानेवारीत वर्डप्रेस ५.९ आलं तेव्हापासून ब्लॉक थीम (अख्खी साइट ब्लॉक म्हणजे तुकडे जोडून मांडता येते अशा) आहेत, तरी लोक अजून जुन्याच वाटेने का जातात कळत नाही. ब्लॉक थीममध्ये पानावर जे ब्लॉक आहेत तेवढ्यांचंच सीएसएस (रंगरूपाचा कोड) लोड होतं. जाहिरातीची जागा टेम्पलेटमध्ये एकदा मांडली की सगळ्या लेखांत दिसते.

हलका_कोड
@खिडकीपाशी, ब्लॉक थीम ज्यात मांडतात त्या साइट एडिटरमध्ये शिरून माझ्या एका मित्राने अख्खा हेडर (पानाची वरची पट्टी) घालवला होता. ज्याला आजच काम हवंय त्याला हे कशाला शिकवता?

सावकाश_वाचक
थीमची नावं नंतर बघू. कोरी_पाटी, उत्पन्न कमी झालं म्हणजे नक्की काय कमी झालं? वाचक, दिसलेल्या जाहिराती, की जाहिरातीचा दर? तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि तिघींचे उपाय वेगळे. सर्च कन्सोलमधले (गूगल सर्चच्या अहवालातले) क्लिक आणि ॲडसेन्समधले (गूगलच्या जाहिरात सेवेतले) पेजव्ह्यू, इम्प्रेशन (जाहिराती किती वेळा दिसल्या), दोन्हीकडचे आधीचे आणि आताचे आकडे द्या.

जुना_खांब
एएमपी (मोबाइलसाठी पानांची हलकी, झटपट उघडणारी आवृत्ती) चालू करा. मोबाइलवर त्याशिवाय वर येता येत नाही.

सावकाश_वाचक
सर्चमधल्या ‘टॉप स्टोरीज’ या बातम्यांच्या चौकटीत येण्यासाठीची एएमपीची अट गूगलने २०२१ मध्येच काढली. आता त्यात शिरलात तर एकाच्या जागी दोन साच्यांमध्ये जाहिराती सांभाळत बसाल.

कोरी_पाटी
वर्डप्रेसच, आणखी काय असणार? थीम सांगायला एवढे आकडे कशाला लागतात कळत नाही, पण देतो. सर्चमधून क्लिक आधीच्या तीन आठवड्यांत ११,४००, या तीन आठवड्यांत ११,१५०. पेजव्ह्यू साडेसतरा हजारांच्या आसपास, आधीही आणि आताही. जाहिरातींची इम्प्रेशन ५२ हजारांवरून २३ हजारांवर.

सावकाश_वाचक
म्हणजे गूगलने तुमचं काही बिघडवलेलं नाही. वाचक तेवढेच येतायत, त्यांना जाहिराती दिसत नाहीयत. जुन्या थीममध्ये जाहिराती कुठे होत्या? आणि मोबाइलवरचे वाचक किती?

कोरी_पाटी
शंभरातले पंच्याऐंशी मोबाइलवर. जुन्या थीमच्या सेटिंगमध्ये ‘लेखाच्या आत’ असे तीन चौकोन होते, कोड तिथेच टाकलेला. नवीत तसे चौकोनच नाहीत. हेडरमध्ये एक आणि साइडबारमध्ये (बाजूच्या पट्टीत) दोन जागा आहेत, त्या वापरल्या.

सावकाश_वाचक
आता फोन हातात घ्या, तुमचाच एखादा लेख उघडा आणि साइडबार सापडेपर्यंत खाली जा. कुठे सापडला ते लिहा.

नवा_अंकुर
मला ॲडसेन्सची मंजुरीच मिळत नाहीये. कुठली थीम घेतली की मिळेल?

दोन_ओळी
@नवा_अंकुर, मंजुरी थीम बघून देत नाहीत. वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

कोरी_पाटी
लेख, मग लेखकाचा परिचय, मग ‘हेही वाचा’ची सहा चित्रं, मग प्रतिक्रिया, आणि त्याखाली साइडबार. चौदा वेळा बोट फिरवलं. माझं मलाच तिथवर जायला कंटाळा आला, वाचक कशाला जाईल! तीन आठवडे हे एकदाही फोनवर बघितलं नव्हतं.

सावकाश_वाचक
सापडलं की. साइडबारच्या जाहिराती फक्त कॉम्प्युटरवाल्यांना दिसतायत. बाकी सगळा भार हेडरवर. जाहिरातींचा कोड यापुढे थीमच्या सेटिंगमध्ये ठेवू नका, थीम गेली की तोही जातो. ‘ॲड इन्सर्टर’सारखं प्लगइन घ्या. एक जाहिरात दुसऱ्या परिच्छेदानंतर, एक सहाव्यानंतर, एक लेख संपल्यावर. आणि गूगलच्या पेजस्पीड इनसाइट्समध्ये एक लेख टाकून एलसीपी (पानातला सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ) आणि सीएलएस (उघडताना पान किती हलतं ते) सांगा.

जुना_खांब
तीन कशाला? दर दोन परिच्छेदांनी एक टाका, नुकसान लवकर भरून निघेल.

खिडकीपाशी
अजिबात नको. मोबाइलवर जाहिरातींची उंची मजकुराच्या उंचीच्या ३० टक्क्यांवर गेली की ‘बेटर ॲड्स’च्या नियमात ते बसत नाही, आणि ते नियम सतत मोडणाऱ्या साइटवरच्या जाहिराती क्रोम अडवतो.

कोरी_पाटी
एलसीपी ४.८ सेकंद, सीएलएस ०.३१. दोन्ही लाल.

सावकाश_वाचक
एलसीपी २.५ सेकंदांच्या आत आणि सीएलएस ०.१ च्या आत हवं. सीएलएस हेडरमधल्या जाहिरातीमुळे असणार. पान उघडतं, वाचक शीर्षक वाचायला लागतो, तेवढ्यात जाहिरात येते आणि सगळं खाली ढकलते. जाहिरातीच्या डब्याला किमान उंची आधीच देऊन ठेवा. ३००×२५० ची जाहिरात असेल तर निदान २५० पिक्सेल. जाहिरात उशिरा आली तरी मजकूर जागचा हलणार नाही. हेडरमधली मी तर काढूनच टाकेन.

हलका_कोड
एलसीपीचं मी सांगतो. लेखाच्या वरचं मोठं चित्र थीम आपल्या स्क्रिप्टने लेझी लोड (मुद्दाम उशिरा लोड) करत असेल. वर्डप्रेस ६.३ पासून अशा चित्राला स्वतःहून प्राधान्य देतं, पण थीमची स्क्रिप्ट मध्ये आली की त्याचा उपयोग होत नाही. सेटिंगमध्ये लेझी लोड बंद होतंय का बघा. म्हणूनच म्हणतो, जनरेटप्रेस.

दोन_ओळी
एक राहिलं. डेमो इंग्रजीत असतो. मोठ्या शीर्षकांना ओळींमधलं अंतर इतकं कमी देतात की मराठीत वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो. थीम घ्यायच्या आधी तुमचं सगळ्यात लांब शीर्षक टाकून बघा.

कोरी_पाटी
पाच दिवसांनी लिहितोय. लेखात तीन जाहिराती टाकल्या, हेडरमधली काढली. काल एका दिवसाची इम्प्रेशन २,४०० च्या वर गेली, जुन्या थीमच्या वेळी होती तितकी. सीएलएस तपासणीत ०.०४ आला, पण पेजस्पीडच्या पानावर वरच्या बाजूला खऱ्या वाचकांचे आकडे दाखवतात ते अजून लालच आहेत. एलसीपी हटत नाही, थीममध्ये लेझी लोड बंद करायची सोयच नाही. पहिल्यांदा चिडून उत्तर दिलं त्याबद्दल सावकाश_वाचक यांची माफी मागतो. तर आता थीम बदलू का?

सावकाश_वाचक
माफी कसली! खऱ्या वाचकांचे आकडे मागच्या २८ दिवसांचे असतात, हळूहळू उतरतील. लेझी लोड बंद होत नसेल तर बदला, पण स्टेजिंगवर (साइटच्या चाचणीच्या प्रतीवर). सगळ्यात जास्त वाचले जाणारे पाच लेख फोनवर वरपासून खालपर्यंत बघा, एलसीपी मोजा, मगच खऱ्या साइटवर चढवा.

हलका_कोड
म्हणजे जनरेटप्रेसच.

खिडकीपाशी
स्टेजिंग आहेच तर ब्लॉक थीमही त्याच पाच लेखांवर चालवून बघा, आणि दोन्हींचे आकडे इथे टाका.