ब्लॅक बुक आणि नो ड्यूज

इंजिनिअरिंगच्या शेवटच्या आठवड्यात ब्लॅक बुक (प्रोजेक्टचा बाइंड केलेला रिपोर्ट) आणि नो ड्यूज (कॉलेजचं काही देणं बाकी नसल्याचा सह्यांचा फॉर्म) दोन्ही उरकेल का, असा प्रश्न आहे. कृपया तेवढ्यावर ठेवू नका, किमान तीन आठवडे हातात ठेवा.

ब्लॅक बुक आधी स्पायरल करून गाइडकडून तपासून घ्या, दुरुस्त्या झाल्यावरच हार्ड बाइंडिंगला द्या. डावा समास दीड इंच ठेवा, कमी ठेवला तर ओळींची सुरुवात शिवणीत जाते. दुकानात वर्ड फाइल नेऊ नका. तिथल्या मशीनवर फॉन्ट नसला की पानं सरकतात आणि अनुक्रमणिकेतले आकडे चुकतात. पीडीएफच न्या. प्रती मोजताना कॉलेजची, गाइडची आणि गटातल्या प्रत्येकाची धरा. सबमिशनच्या दिवसांत बाइंडरकडे रांग असते, एका दिवसात मिळेल हे गृहीत धरू नका.

नो ड्यूजवर लायब्ररीची सही आधी घ्या. हरवलेलं पुस्तक निघालं तर ते शोधायला किंवा भरपाईला वेळ लागतो. लॅबच्या सह्या त्या मानाने पटकन होतात. अनामत रक्कम परत घेण्यासाठी प्रवेशाच्या वेळची मूळ पावती आणि कॅन्सल्ड चेक लागू शकतो, घरी आत्ताच शोधायला सांगा.

आणि बोनाफाइड (तुम्ही कॉलेजचे विद्यार्थी असल्याचं प्रमाणपत्र) हवं असेल तर एलसीच्या (कॉलेज सोडल्याच्या दाखल्याच्या) आधी काढा! एलसी निघाली की तुम्ही पटावर नसता. एलसी हातात पडताच खिडकीवरच नाव, जन्मतारीख आणि जात या नोंदी आधीच्या दाखल्याशी ताडून पाहा.