मुलांचे व्यक्तिचित्र आणि इतरांचे अभिप्राय : आपले अनुभव लिहा

दादरच्या एका कुटुंबाने आपल्या दोन मुलांचे, 7 वर्षांच्या मुलीचे आणि 4 वर्षांच्या मुलाचे, तैलरंगातील चित्र माझ्याकडे सोपवले आहे. कॅनव्हास 24 बाय 30 इंचांचा आहे, मुदत दिवाळीपर्यंतची आहे आणि मुले दहा मिनिटांपलीकडे एका जागी बसत नसल्यामुळे बहुतेक काम मी स्वतः काढलेल्या छायाचित्रांवरून चालवले आहे. मुलगी साधली आहे. मुलगा मात्र लहान मूल न वाटता उंचीला कमी राहिलेला एखादा कारकून वाटतो, असे माझ्या पत्नीचे मत पडले आणि ते मला पटले. फक्त चूक नेमकी कुठे आहे हे तिलाही सांगता आले नाही आणि मलाही दिसेना. अशा अर्ध्या अवस्थेतील चित्र कोणाला दाखवावे, केव्हा दाखवावे आणि आलेल्या अभिप्रायांतले काय घ्यावे, याविषयी ज्यांनी मागणीवरून मुलांची चित्रे केली आहेत त्यांनी आपले अनुभव सविस्तर लिहावेत. ‘छान आहे’ या अभिप्रायाचा अनुभव सर्वांनाच असतो, तो वगळला तरी चालेल.

गिरगावहून

आपल्या पत्नीला खटकले आहे म्हणजे काहीतरी चुकले आहे, एवढे नक्की धरून चालावे. चूक शोधणे हे मात्र त्यांचे काम नव्हे. जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये आम्ही शिकलो तेव्हा समोर बसणारी मॉडेल्स प्रौढ असत आणि ते माप हातात इतके मुरले की लहान मुलाचे डोके काढतानाही हात त्याच मापाने चालू लागला. माझ्या पहिल्याच मागणीच्या चित्रात 5 वर्षांची मुलगी होती. हनुवटी मोठी झाली आहे, असे तिच्या आईने सांगितले, म्हणून मी तीन दिवस हनुवटी लहान करत राहिलो आणि चित्र अधिकच बिघडले. शेवटी माझे निवृत्त सर घरी आले. त्यांनी चहा घेतला, चित्राकडे पाठ केली, खिशातून दाढीचा छोटा आरसा काढून खांद्यावरून त्यात चित्र पाहिले आणि ‘डोळे वर गेलेत’ एवढेच म्हणाले. प्रौढ माणसाचे डोळे डोक्याच्या उंचीच्या साधारण मध्यावर येतात. लहान मुलाची कवटी मोठी आणि चेहऱ्याचा खालचा भाग आखूड असल्यामुळे ते मध्याच्या खाली असतात. मी ते मध्यावरच ठेवले होते, त्यामुळे खाली उरलेली जागा भरून काढताना नाक लांबले होते आणि त्या सगळ्याचा ठपका हनुवटीवर आला होता. डोळे आणि नाक नव्याने बसवल्यावर हनुवटीला पुन्हा हात लावावा लागला नाही. तेव्हापासून घरच्यांनी कुठे बोट ठेवले ते मी लिहून घेतो, पण दुरुस्ती तिथून सुरू करत नाही.

मुलुंडहून

माझा अनुभव थोडा कडवट आहे. चित्र निम्मे झाल्यावर मी त्याचा फोटो मुलांच्या वडिलांना पाठवला, त्यांनी तो कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला आणि रात्रीपर्यंत आत्या, काका, मावश्या मिळून 11 जणांची मते माझ्यापर्यंत पोहोचली. आत्यांना केस दाट हवे होते, काकांना फ्रॉक निळा हवा होता, आणि एका गृहस्थांनी मुलाच्या हातातला चेंडू काढून पुस्तक द्यावे असे सुचवले. त्यातच तो फोटो मी रात्री पिवळ्या दिव्याखाली काढला होता. ‘गाल पिवळे का?’ असे चौघांनी विचारले आणि कॅनव्हासवर मुळात नसलेला पिवळेपणा मी दोन दिवस गुलाबी रंगाने घालवत बसलो. आता आगाऊ रक्कम घेतानाच मी लिहून घेतो की अभिप्राय घरातील एकाच व्यक्तीकडून येईल, तो दोनदाच येईल, एकदा कोळशाच्या रेखाटनावर आणि एकदा रंगाचा पहिला हात झाल्यावर, आणि दोन्ही वेळा चित्र माझ्याकडे येऊन खिडकीच्या उजेडात पाहिले जाईल.

या 11 जणांत नसलेल्या आजींविषयी मात्र लिहिले पाहिजे. त्यांच्याकडे साधा फोन होता, म्हणून त्या रिक्षा करून स्वतः आल्या. पदराने चष्मा पुसून त्यांनी बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, ‘अहो, हा हसायला लागला की आधी त्याचा डावा डोळा बारीक होतो, मग तोंड हसतं. तुम्ही नुसतं तोंड हसवलंय.’ मी त्यांच्यासमोरच डावी खालची पापणी बारीक कुंचल्याने जेमतेम एका रेषेइतकी वर उचलली. त्या काही बोलल्या नाहीत, पिशवी उचलून निघाल्या. अंतिम हप्ता त्याच आठवड्यात मिळाला.

चेंबूरहून

नोकरी सांभाळून चित्रे करत असल्यामुळे मला गुरू नाहीत आणि चित्रकार मित्रही नाहीत. काळा घोड्याला जहांगीर आर्ट गॅलरीबाहेरच्या पदपथावर बसून समोरच्या माणसाचे पेन्सिलने चित्र काढून देणारे कलावंत असतात; त्यांच्यापैकी एकाकडून मी आधी स्वतःचे चित्र काढून घेतले, रीतसर पैसे दिले आणि मग पिशवीतून माझे रेखाटन व मूळ छायाचित्र बाहेर काढले. रेखाटनाकडे त्यांनी पाहिलेच नाही. छायाचित्रावर पेन्सिलीचे मागचे टोक ठेवून म्हणाले, ‘हे पोरगं तुम्ही हातभर अंतरावरून काढलंय.’ मोबाइल जवळ धरला की नाक आणि गाल फुगतात आणि कान मागे सरकतात, हे मला वाचून ठाऊक होते, पण स्वतःच्या चित्रात ते दिसले नव्हते. दुसऱ्या रविवारी 3 मीटरवरून, झूम करून, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीवर बसून नवी छायाचित्रे घेतली. आपणही आपली छायाचित्रे एकदा तपासून पाहावीत.

विलेपार्ल्याहून

‘रंग जरा उजळ घ्या हो, एवढी सावळी नाहीये ती,’ हा अभिप्राय मुलींची चित्रे करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी मिळतो. मी त्वचेला हात लावला नाही. मागची फिकट साय-रंगाची भिंत काढून तिथे गडद हिरवट राखाडी रंग घेतला आणि त्वचेतला तोच बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), तोच यलो ऑकर (मातकट पिवळा) आतून उजेड असल्यासारखा दिसू लागला. काळोखातून त्वचा कशी उजळते हे पाहायचे असेल, तर चित्रकार सावळाराम हळदणकरांचे हाती दिवा घेतलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र पाहावे. ते म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यात आहे आणि त्यासाठी त्यांची स्वतःची मुलगी उभी राहिली होती. माझ्या चित्रातील मुलीची आई ‘बघा, आता बरोबर रंग आला’ असे म्हणाली आणि मी गप्प राहिलो. युक्ती म्हणून तो प्रसंग मी अनेकांना सांगितला आहे, परंतु तो मला फारसा अभिमानाचा वाटत नाही. पहिले वाक्य उच्चारले गेले तेव्हा ती 8 वर्षांची मुलगी स्टुलावर बसून पाय हलवत होती, आणि ते पाय हलायचे थांबले होते.

लालबागहून

थोडक्यात लिहितो. चित्र चालू असताना 6 वर्षांच्या मुलाचा पुढचा दुधाचा दात पडला. आईवडिलांना दात हवा होता, मुलाला खिंड हवी होती आणि त्याने ती माझ्या रेखाटनावर पेन्सिलीने स्वतःच काळी करून दाखवली. मी ओठ मिटवले. तिघेही थोडे नाराज झाले.

पुन्हा दादरहून

सर्वांचे आभार. मोजपट्टी लावून पाहिली, तेव्हा मुलाचे डोळे अगदी मध्यावर निघाले आणि छायाचित्रही हातभर अंतरावरूनच घेतलेले होते. शिवाय कोणीही न सांगितलेली एक चूक मला सापडली: नाकपुडीपासून ओठाच्या कोपऱ्यापर्यंतची सावली मी रेघ ओढल्यासारखी कडक ठेवली होती आणि खरा कारकून तिथेच बसला होता. ती कड ओल्या रंगातच कापडाने पुसून मऊ केली, डोळे खाली घेतले, नाक आखूड केले. पावसाळी हवेत रंग लवकर वाळत नाही, याचा प्रथमच उपयोग झाला. काल रात्री पत्नीने दारातूनच पाहिले आणि म्हणाली, ‘कारकून गेला. पण हे कान कोणाचे आहेत?’