पास, सेकंड डील, फारो: अवघड हातचलाखी आधी शिकावी की जादू आधी दाखवावी?

किलवर_गुलाम (होटगी रोड)

मंडळी, विषय जरा झोंबणारा आहे, पण एकदा बोलायलाच हवं. सोलापुरात पत्त्यांची जादू शिकणारी पोरं वाढलीत. मोबाइलवर व्हिडिओ आहेत, चांगला कॅट घरपोच येतो. पण जो येतो तो पहिल्याच महिन्यात क्लासिक पास आणि सेकंड डील (वरचं पान वाटल्यासारखं दाखवून गुपचूप दुसरं वाटायचं) अशा चाली घेऊन बसतो. वर्षभराने भेटला की बोटं झकास चालतात, पण "एक जादू दाखव" म्हटलं की गडी गप्प.

अवघड चाली शिकूच नका असं मी म्हणत नाही. आधी नको, एवढंच. करंगळीचा ब्रेक (पत्त्यांत करंगळीने धरलेली बारीक फट), डबल लिफ्ट (दोन पानं एक म्हणून उचलणं), साधं पिसता पिसता पान वर आणणं आणि एखादा बरा फोर्स (आपल्याला हवं तेच पान समोरच्याला घ्यायला लावणं), एवढ्यावर अख्खा हॉल खेळवता येतो. पासने होतं काय? कॅटचे दोन भाग गुपचूप खालीवर करायचे, म्हणजे मध्ये ठेवलेलं पान वर येतं. तेच काम डबल अंडरकटने, म्हणजे खालचे पत्ते दोनदा काटून वर ठेवत, उघड्यावर होतं. बघणाऱ्याला वाटतं, पत्ते काटले. विषय संपला.

1922 साली शिकागोत पत्त्यांच्या जादूचा उस्ताद डाय व्हर्ननने नावाजलेला जादूगार हुडिनीला चकवलं तो किस्सा घ्या. हुडिनीची फुशारकी होती की कुठलीही जादू तीनदा पाहिली की मी ओळखणारच. व्हर्ननने त्याच्याच सहीचं पान मध्ये घालून पुन्हा पुन्हा वर आणून दाखवलं, आणि हुडिनीला काही केल्या पत्ता लागला नाही. त्यामागे मुख्य आधार डबल लिफ्टचा.

आणि आपला प्रेक्षक बघा. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणं उरकल्यावर चार जण समोर, दोन पाठीशी आणि एक पोरगं थेट कोपराखाली. टेबल नाही, कोन सांभाळायला जागा नाही. "बघू बघू, आण हिकडं" म्हणत कुणीतरी कॅट हातातून ओढतंच. तिथे तुमचा पास काय कामाचा?

बदाम_सत्ती

दादा, बाकीचं नंतर. डबल लिफ्ट तू सोप्यांत धरलीस इथेच माझं भांडण आहे.

किती जणांची डबल लिफ्ट बघण्यासारखी असते? दोन पानं एक म्हणून उलटायची. अंगठ्याने कोपरा उचलून आधी मोजत बसलास की समोरच्याला कळतंच, काहीतरी शिजतंय. उलटताना खालचं पान केसभर सरकलं तरी कडेला पांढरी रेघ दिसते. आणि सगळ्यात मोठी गोची म्हणजे आपण एकच पान उलटतो तेव्हा असं उलटतच नाही! साधं पान अंगठ्याने ढकलून बेफिकीर उलटायचं आणि डबल मात्र दोन बोटांत काच धरल्यासारखी. बघणाऱ्याला कारण सांगता येत नाही, पण संशय येतो.

म्हणजे तुझी सोपी चाल हीच अवघड निघाली. आणि ती नीट करायला जो हात लागतो तो पास, पाम (पान तळहातात लपवणं), सेकंड डील घासूनच तयार होतो. वर्षभर सेकंड डील केलेल्या माणसाच्या हातात कॅट बघ, पकडच सैल असते. मग साधी चालही आपोआप साधी दिसते.

चौकट_दश्शी

मी दहावीत आहे. पास रोज करतो. मग आता सोडू का?

अण्णा_एमआयडीसी

सोडू नको बाळा, आधी ऐक.

मी जादूवाला नाही, यंत्रमागावर उमर गेली. पोराच्या नादाने पत्ते हातात आले. मागावर ताण्याचा धागा तुटला की जुना कामगार त्याच्याकडे न बघता गाठ मारतो, तोंडाने शेजाऱ्याशी गप्पा चालूच. नवा पोरगा जीभ बाहेर काढून, डोळे बारीक करून तीच गाठ मारतो. गाठ दोघांचीही बसते. पण मालक लांबूनच सांगतो, नवा कोण.

पत्त्यात माझ्या पोराचं तेच होतं. पास करायची वेळ आली की खांदा चढतो, श्वास अडकतो, नजर थेट हातावर. मला चाल दिसत नाही, पण चाल *झाली* ते कळतं. त्याने आरशासमोर सराव केला तर वेगळंच खूळ लागलं. नेमक्या क्षणी डोळे मिटायला लागला. आरशात स्वतःलाच फसवत होता! मोबाइलवर चित्रण करायला लावलं तेव्हा त्याला ते दिसलं.

सोपं आधी की अवघड आधी ते तुम्ही ठरवा. जी चाल बोलत बोलत करता येत नाही ती लोकांसमोर काढू नये, इतकंच माझं.

इस्पिकची_राणी (जुळे सोलापूर)

अण्णा, क्या बात.

किलवरदादा, व्हर्ननचं उदाहरण तुम्ही अर्धंच सांगितलंत. हाच माणूस 1930 नंतरच्या मंदीच्या दिवसांत कॅन्सस राज्यात विचिटाला होता. तिथल्या तुरुंगातल्या एका कैद्याने सांगितलं की कॅटच्या *मधून* पान वाटणारा एक जण आहे. तोवर जाणकारही म्हणायचे, अशी चाल होणंच शक्य नाही. व्हर्नन गावोगाव विचारत हिंडला आणि शेवटी मिझुरीतल्या प्लेझंट हिल या गावात त्याला अ‍ॅलन केनेडी सापडला. एका चालीसाठी एवढी पायपीट! सोप्या चालींवर भागत असतं तर हा माणूस घरीच बसला नसता का? त्याची साधी जादूही जबरदस्त होती ती या वेडापायी. तुम्ही फळ दाखवताय आणि झाड तोडायला सांगताय.

किलवर_गुलाम

राणीताई, टाळ्या. पण व्हर्नन तोवर आयुष्य पत्त्यांत घालवून बसला होता. मी बोलतोय नवख्यांबद्दल.

आणि पासचं म्हणाल तर खुद्द अर्डनेसची साक्ष काढतो. 1902 साली त्याचं पत्त्यांच्या हातचलाखीवरचं पुस्तक आलं, आजही त्याला गीता मानतात (हे टोपणनाव, लिहिणारा नक्की कोण यावर अजून भांडणं चालू आहेत). त्याने पासचे कितीतरी प्रकार शिकवले आणि वर स्वतःच कबूल केलं की पत्त्यांच्या टेबलावरच्या रोजच्या हालचालीसारखा दिसेल असा पास अजून निघालेला नाही. आता बोला.

बदाम_सत्ती

बोलतो की. तो जुगाराच्या टेबलाबद्दल बोलतोय. तिथे सगळ्यांचे पैसे लागलेले, सगळ्यांची नजर वाटणाऱ्याच्या हातावर, आणि वाटणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. जादूत तू प्रश्न विचारू शकतोस. "तुमचं पान लाल होतं ना?" म्हटलं की माणूस तुझ्या तोंडाकडे बघतो, पास तेवढ्यात झालेला. अर्डनेसनेही जुगार आणि जादू असे दोन वेगळे भागच केलेत. एका भागातलं वाक्य उचलून दुसऱ्यावर मारू नकोस.

तुझा डबल अंडरकट बरा आहे, पण कुणी पान मध्ये घातल्याबरोबर तू पत्ते काटलेस की हुशार माणूस मनात नोंद करतो. पासमध्ये *काहीच झालं नाही* असं दिसतं. ती किंमत वेगळी आहे.

नवीपेठ_पत्तेवाला

एक वेगळंच सांगतो. पोरं चालीला दोष देतात आणि हातात असतो दुकानातला प्लास्टिकचा कॅट. ती पानं इतकी गुळगुळीत की डबल धरली की दोन्ही वेगवेगळ्या दिशेला पळतात. शिवाय इथे बरेचदा ब्रिज साइज मिळते, सव्वादोन इंच रुंद. इंग्रजी पुस्तकं आणि व्हिडिओ बहुतेक अडीच इंची पोकर साइज धरून चालतात. पाम करताना पाव इंचाचा फरक फार असतो. लहान हाताच्या पोरांना उलट ब्रिज साइज सोयीची पडते.

आणि एप्रिल-मेमधला आपला उन्हाळा! पारा चाळिशीपार गेला की तळहात घामेजतो, कागदी पानं ओल धरतात, फुगतात, एकमेकांना चिकटतात. त्या दिवसांत फारो (पानं एकाआड एक गुंफत पिसणं) घेऊन बसणाऱ्याला माझा साष्टांग नमस्कार. एसीत जमतो, गच्चीवर नाही.

इस्पिकची_राणी (जुळे सोलापूर)

फारो निघालाच आहे तर, ही एक चाल दुसरं काही वापरून भागत नाही. 26-26 चे दोन भाग करून एकाआड एक पान गुंफायचं. वरचं पान वरच राहील असा फारो 8 वेळा अचूक झाला की 52 पानं मूळ क्रमावर परत. याला कुठला सोपा पर्याय आहे, सांगा.

किलवर_गुलाम

पर्याय नाही, मान्य. पण 8 वेळा पिसणारा माणूस बघत कोण उभं राहणार? गड्ड्याच्या यात्रेत होम मैदानावर करून बघा. दुसऱ्या फारोला पब्लिक पाळण्याकडे!

सरकारी_नोकर

आमच्याकडे वेगळीच अडचण. हातात कॅट दिसला की मोठे काका म्हणतात, "लागला जुगाराला." आणि सेकंड डील येतो हे मित्रांना कळल्यापासून दिवाळीत तीन पत्तीला मला कुणी बोलवत नाही. येतो म्हणजे काय, वरच्या पानाची घासट अख्ख्या खोलीला ऐकू जाते. पण नाव खराब व्हायचं ते झालं.

बदाम_सत्ती

हा हा. घासट येते कारण डावा अंगठा जोरात दाबतोस. वरचं पान मागे ओढायचं नसतं, जरासं पुढे जाऊन परत यायचं असतं. जोर निम्मा कर आणि वेग त्याहून कमी.

वेगावरून आठवलं. अर्जेंटिनाचा रेने लावां, लहानपणी अपघातात उजवा हात गेला. उरलेल्या एका हाताने तो पत्ते करायचा, आणि जगात नाव झालं ते संथपणासाठी. तीच जादू पुन्हा, आणखी हळू, मग त्याहून हळू. त्याच्या चाली अवघडच होत्या, पण अवघड *दिसत* नव्हत्या.

किलवर_गुलाम

लावां तर माझ्याच बाजूचा! लोक त्याच्या गोष्टी ऐकायला बसायचे. हात दाखवायची त्याला घाई नव्हती.

बदाम_सत्ती

घाई नव्हती कारण हात तयार होता. तू काहीही कर, मी हटत नाही.

चौकट_दश्शी

सगळं वाचलं. पण माझं उत्तर कुणीच दिलं नाही. पास सोडू का?

किलवर_गुलाम

सोडू नको, पण घरातच ठेव. दिवसातून थोडा वेळ, हात दुखायच्या आत थांब. लोकांसमोर तोवर अंडरकट.

बदाम_सत्ती

रविवारी संध्याकाळी कंबर तलावावर ये. तुझा पास मी पाहतो, अंडरकट यांना दाखव. मध्ये अण्णांना बसवू. आणि बाळा, प्लास्टिकचा कॅट आणू नकोस.